पार्सलवर खरं नाव फक्त घेणाऱ्याचंच असतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट आली होती, कस्टम्सने नकली घड्याळं पकडली म्हणून. टेबलावर ओळीने मांडलेली घड्याळं, मागे उभे असलेले अधिकारी आणि खाली डोळे विस्फारतील असा किमतीचा आकडा, एवढंच. मी पत्र लिहायला बसलो ते त्या आकड्यामुळे आणि त्या फोटोत जे दिसलं नाही त्यामुळे. मी बरीच वर्षं घड्याळं दुरुस्त करतो, माझ्या टेबलावर खरी पण येतात आणि खोटी पण, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजचा आहे.

आधी त्या आकड्याबद्दल बोलतो. असा आकडा छापला जातो तेव्हा ती जप्त केलेल्या मालाची किंमत बहुतेक वेळा नसतेच, तोच माल ओरिजिनल असता तर शोरूममध्ये केवढ्याला गेला असता ती किंमत असते. अमेरिकेचं कस्टम्स खातं हे उघडपणे सांगतं, त्यांची आकडेवारी कंपनीच्या किरकोळ विक्रीच्या किमतीवरच काढलेली असते. २०२१ च्या आर्थिक वर्षात त्यांनी पकडलेल्या सगळ्या नकली मालाची अशी किंमत ३.३ अब्ज डॉलर निघाली आणि त्यात घड्याळं आणि दागिने या एका गटाचाच वाटा १ अब्ज डॉलरच्या वर होता. म्हणजे घड्याळ ही अशी वस्तू आहे की एका लहानशा खोक्यात मावणाऱ्या मालाची कागदावरची किंमत प्रचंड होते, आणि असा आकडा वाचला की माणसाला वाटतं हे कुठल्यातरी मोठ्या टोळीचं प्रकरण आहे, आपला काय संबंध. संबंध कसा येतो ते सांगतो.

माझ्या बहिणीच्या मुलाने मागे तीन घड्याळं मागवली, एक स्वतःला आणि दोन मित्रांना, फोनवरच कुठलंतरी चॅनल बघून. मला आधी सांगितलं नाही. सांगितलं ते कस्टम्सची नोटीस हातात आल्यावर. "मामा, फर्स्ट कॉपी आहे, सगळे घेतात, मग हे मलाच का आलं?" पोरगा घाबरला होता आणि त्याची चूक अशी होती की त्याला यात काही चूक आहे हेच माहीत नव्हतं. पैसे देताना विकणाऱ्याने त्याला घड्याळाचे फोटो पाठवले होते, डायलचा, मागच्या झाकणाचा, काटे सरळ आहेत का ते बघा म्हणून, त्याला ते लोक क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, म्हणतात, आणि हे सगळं इतकं व्यवस्थित चालतं की घेणाऱ्याला आपण एखाद्या नीट दुकानातून खरेदी करतोय असंच वाटतं.

नोटीशीत भाषा नेहमीची सरकारी होती पण मुद्दा सरळ होता. तुमच्या नावे आलेला माल ट्रेडमार्कचा भंग करणारा असल्याचा संशय आहे, तो अडवून ठेवलाय, ट्रेडमार्कच्या मालकाला कळवलंय, तुमचं म्हणणं अमुक दिवसांत मांडा, माल नष्ट करायला संमती आहे का ते सांगा. भाच्याचा पहिला विचार होता की उत्तरच द्यायचं नाही, गप्प बसलं की विषय मिटेल. दुसरा विचार त्याहून वाईट, की ही गिफ्ट आहे, मला माहीत नाही कुणी पाठवली, असं लिहून टाकायचं. मी त्याला म्हटलं बाबा रे, घड्याळं जातील, पैसे जातील, ते गेलेच समज, पण सरकारी कागदावर खोटं लिहून वर आणखी काही ओढवून घेऊ नकोस. तीन घड्याळं होती हाही एक प्रश्न होताच, कारण एक घड्याळ असलं तर स्वतःसाठी म्हणता येतं, तीन एकसारखी असली की समोरचा माणूस विचारणारच की विकायला मागवली होती का. शेवटी त्याने खरं ते लिहून संमती दिली आणि घड्याळं नष्ट झाली.

पण मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. भाच्याने विकणाऱ्याला कळवलं की माल अडकला. समोरून उत्तर आलं की काही काळजी करू नका, जप्त झालं तर आम्ही फुकट परत पाठवतो, फक्त यावेळी पत्ता दुसरा द्या, एखाद्या मित्राचा वगैरे. हे वाचल्यावर मला या धंद्याचं पूर्ण गणित दिसलं. विकणाऱ्याचं स्वतःचं नाव कुठेच नाही, पाठवणाऱ्याच्या जागी जो पत्ता आहे तो भलत्याचाच, खोक्यावर आत काय आहे ते खोटं, किंमत खोटी, आतलं घड्याळ खोटं, आणि त्या सगळ्या पार्सलवर खरी म्हणावी अशी गोष्ट एकच, माझ्या भाच्याचं नाव, पत्ता आणि फोन नंबर. तो पकडला गेला तर आता त्याच्या मित्राचं नाव हवं. म्हणजे धोका कुठे जाऊन पडणार ते आधीच ठरवलेलं आहे आणि तो विकणाऱ्याकडे कधीच जात नाही. एखादं पार्सल जप्त झालं तरी त्याला परवडतं, कारण बनवायचा खर्च मुळात थोडा आणि बाकीची पार्सलं पोचलेली असतात.

आता "फर्स्ट कॉपी" या शब्दाबद्दल. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सुपर क्लोन, रेप्लिका, ही सगळी विकणाऱ्यांनी तयार केलेली नावं आहेत आणि ऐकायला असं वाटतं की खरं आणि खोटं यांच्यामध्ये काहीतरी तिसरी जात आहे. कायद्यात अशी तिसरी जात नाही. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेला ट्रिप्स हा बौद्धिक संपदेबद्दलचा करार, जो जागतिक व्यापार संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांना बांधून ठेवतो, त्यात व्याख्या अगदी सोपी आहे की नोंदलेल्या ट्रेडमार्कसारखाच किंवा वेगळा ओळखता येणार नाही असा मार्क परवानगी न घेता लावला की तो माल नकली. कॉपी किती चांगली आहे याचा काही संबंध नाही, उलट जितकी हुबेहूब तितकी ती त्या व्याख्येत नीट बसते! त्याच करारात ट्रेडमार्कच्या मालकाला कस्टम्सकडे अर्ज करून माल अडवून घ्यायची सोय आहे, सुरुवातीला कामाचे १० दिवस आणि गरज पडली तर आणखी १०. काही जण मला विचारतात की नाव खरवडून टाका आणि घड्याळ तेवढं देऊन टाका ना, तर करारात तेही लिहिलंय, नुसता मार्क काढला म्हणून असा माल बाजारात सोडायचा नाही, अगदी अपवाद सोडला तर.

लोकांना खरी गल्लत होते ती "मी स्वतःला वापरायला घेतलं" या वाक्याची, आणि ही गल्लत अगदी समजण्यासारखी आहे कारण त्यात थोडं तथ्य आहे. ट्रिप्स करार देशांना मुभा देतो की प्रवाशाच्या सामानातल्या किंवा छोट्या पार्सलमधल्या, व्यापारासाठी नसलेल्या थोड्याशा मालाला हवं तर वगळा. हवं तर. सक्ती नाही. मग प्रत्येक देशाने आपापलं ठरवलं. अमेरिकेत प्रवाशाला स्वतःबरोबर अशी एका प्रकारची एकच वस्तू ३० दिवसांतून एकदा आणता येते आणि तीही स्वतःसाठी, एका वर्षाच्या आत विकली तर जप्तीला पात्र, आणि ही सवलत सोबत आणलेल्या सामानाला आहे, पोस्टाने मागवलेल्याला नाही. युरोपियन युनियनमध्येही प्रवाशाच्या बॅगेतली खाजगी वस्तू वेगळी आणि पार्सल वेगळं. तिथे २०१४ पासून छोट्या पार्सलांसाठी वेगळी झटपट पद्धत आहे, तीन नगांपर्यंत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजन असेल तर, आणि त्यात घेणाऱ्याने दिलेल्या मुदतीत काहीच कळवलं नाही तर ती संमती धरता येते आणि माल नष्ट करता येतो. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून स्वतःच्या वापरासाठी आणलेला नकली मालसुद्धा जप्त करायला सुरुवात केली. इटलीत नुसतं विकत घेणाऱ्यालाही ७००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, रस्त्यावर चादर पसरून बसलेल्याकडून घेतलं तरी. म्हणजे एकाच मनगटावरचं एकच घड्याळ एका विमानतळावर चालून जातं आणि दुसऱ्यावर दंड बसवतं, आणि मधे विमान बदलताना आपण कुठल्या देशातून जातोय याचा विचार कोण करतो.

यातली एक केस मी भेटेल त्याला सांगतो. २०१० साली डेन्मार्कमधल्या एका माणसाने एका चिनी ऑनलाइन दुकानातून रोलेक्स म्हणून घड्याळ मागवलं, ते हाँगकाँगहून पोस्टाने आलं, कस्टम्सने अडवलं, रोलेक्सने तपासून नकली असल्याचं सांगितलं. तो माणूस म्हणाला मी नष्ट करायला संमती देत नाही, मी कायदेशीररीत्या विकत घेतलंय. एका घड्याळावरून प्रकरण डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि तिथून युरोपियन युनियनच्या न्यायालयापर्यंत गेलं. ६ फेब्रुवारी २०१४ ला निकाल लागला की ट्रेडमार्कच्या मालकाला इथेही पूर्ण संरक्षण आहे, विकणारी वेबसाइट युरोपबाहेरची असली आणि तिने इथल्या ग्राहकांसाठी वेगळी जाहिरात केली नसली तरी, आणि घेणाऱ्याने स्वतःसाठीच घेतलं असलं तरी फरक पडत नाही. घड्याळ नष्ट, भरपाई नाही. विकणारा या सगळ्या चार वर्षांत कुठे होता? कोर्टात तर नव्हता.

माझ्या स्वतःच्या धंद्यातली पण एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी फक्त पोरांना दोष देतोय असं होईल. आम्ही दुरुस्तीवाले सुटे भाग मागवतो, काचा, चाव्या, गॅस्केट (पाणी आत जाऊ नये म्हणून बसवायची रबरी कडी), डायल. मागे एका जुन्या घड्याळासाठी मी कोरी डायल मागवली होती आणि पुरवठादाराने कंपनीचं नाव छापलेली पाठवली, वर म्हणाला की याच जास्त चालतात. ती डायल कंपनीने बनवलेली नाही, त्यावर नाव छापायची परवानगी कुणी दिलेली नाही, मग ती खऱ्या घड्याळात बसवली तरी नकलीच. मी ती परत केली. पण अशा डायल, असे काटे, मार्क असलेली मागची झाकणं किती जणांच्या कपाटात असतील, आणि किती खऱ्या घड्याळांच्या पोटात बसली असतील. नकली घड्याळांचा व्यापार करणारे हेच मोठ्या प्रमाणात करतात. पूर्ण घड्याळ पाठवलं तर पकडलं जाईल म्हणून मशीन एका पार्सलमध्ये, केस म्हणजे बाहेरची धातूची डबी दुसऱ्यात, पट्टे तिसऱ्यात आणि नाव छापलेल्या डायल वेगळ्याच पाकिटातून. कस्टम्सच्या वर्गीकरणात घड्याळाचं मशीन ९१०८, केस ९१११, पट्टा ९११३ असे वेगवेगळे क्रमांक आहेत आणि बिननावाचं मशीन किंवा बिननावाची केस आणणं हा स्वतःहून काही गुन्हा नाही, त्यामुळे तपासणाऱ्याने ओळखायचं तरी कसं. शेवटची जोडणी मग ज्या देशात विकायचं तिथेच होते.

इथे एक फरक करायला हवा, नाहीतर गैरसमज होईल. दुसऱ्या घड्याळासारखं दिसणारं प्रत्येक घड्याळ नकली नसतं. स्विस ईटीए कंपनीच्या २८२४ या प्रसिद्ध मशीनसारखी मशीनं चीनमध्ये बनतात आणि ती उघडपणे विकली जातात कारण पेटंट कायमचं नसतं, मुदत संपली की रचना कुणीही वापरू शकतो. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या जुन्या डायव्हर घड्याळासारखा चेहरा घेऊन पण स्वतःचं नाव लावून घड्याळ विकणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यांना होमाज म्हणतात, कुणाला आवडतं कुणाला नाही, पण ते खोटं बोलत नाहीत, डायलवर जे नाव आहे तेच बनवणारे आहेत. (हुबेहूब डिझाइनवरून वाद होऊ शकतात, तो वेगळा विषय.) दुसऱ्याचं नाव लावलं की गोष्ट बदलते. ज्याला तसा चेहरा आवडतो पण तेवढे पैसे नाहीत त्याला मी नेहमी हेच सांगतो की अशा स्वतःच्या नावाच्या घड्याळांकडे बघ, त्याची दुरुस्ती होते, भाग मिळतात आणि विमानतळावर मनगट झाकावं लागत नाही.

नकली घड्याळाची दुरुस्ती हा तर वेगळाच त्रास आहे. गॅस्केट नीट बसलेलं नसतं आणि मागे मात्र कोरलेलं असतं की ३०० मीटर पाण्यात चालेल, माणूस विश्वासाने पोहायला जातो आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या आतून वाफ धरलेलं घड्याळ माझ्याकडे घेऊन येतो. काहींच्या मनगटावर केसच्या आकाराचा लाल चट्टा उठलेला असतो, निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांना स्वस्त धातूने हे होतं आणि नकली मालात कुठला धातू आहे हे विचारायचं कुणाला.

आणि पूर्वीसारखं नुसतं बघून ओळखणंही राहिलं नाही. आधी काटा दर सेकंदाला टक्क उडी मारायचा, आत बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ मशीन असायचं, लगेच कळायचं. आता चांगल्या नकलांमध्ये तासाला २८,८०० ठोके देणारं ऑटोमॅटिक मशीन असतं, नीलमणी काच असते, नंबर कोरलेले असतात, वॉरंटी कार्डसुद्धा असतं. मागचं झाकण उघडल्याशिवाय मी खात्रीने सांगत नाही, काही वेळा उघडल्यावरही भिंग घेऊन बसावं लागतं. ही नक्कल काही आजची नाही म्हणा. अठराव्या शतकात लंडनच्या नावाजलेल्या कारागिरांची नावं टाकून युरोपातल्या दुसऱ्या गावांत घड्याळं बनायची, आणि ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीने नकलांना कंटाळून १७९५ च्या सुमारास डायलवर एक गुप्त सही कोरायला सुरुवात केली, जी तिरक्या उजेडातच दिसते. पण तेव्हा फसवलेला माणूस फसवला गेला होता. आज फोनवरून मागवणाऱ्याला खोटं आहे हे माहीत असतं, आणि फसवला जातो तो त्याच्यानंतरचा. म्हणजे दोन-तीन वर्षं वापरून कंटाळा आला की हेच घड्याळ सेकंडहँडमध्ये "ओरिजिनल, बॉक्स-पेपरसकट" म्हणून जातं आणि कुणीतरी खरोखर आयुष्यभराची बचत घालून ते घेतं. तो माणूस माझ्यासमोर बसतो, मी झाकण उघडतो, आणि मला त्याला सांगावं लागतं. हे सांगणं मला अजूनही जमत नाही. आणि त्याने ते घड्याळ घालून परदेशी जायचं ठरवलं तर कस्टम्सच्या दृष्टीने त्याचा प्रामाणिकपणा त्या घड्याळाला खरं करत नाही.

मला माहीत आहे की काही वाचक म्हणतील, हे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं झालं, मोठे कंटेनर सोडून पोराच्या एका पार्सलमागे काय लागता. मलाही आधी असंच वाटायचं. पण हा व्यापार आता छोट्या पार्सलांवरच चालतो. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना आणि युरोपियन युनियनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ४६७ अब्ज डॉलरच्या नकली मालाचा व्यापार झाला, जागतिक आयातीच्या २.३ टक्के, आणि त्यांच्याच अहवालांत वारंवार आलंय की जप्त्यांमध्ये पोस्टाने आणि कुरियरने येणाऱ्या लहान पाकिटांची संख्या खूप मोठी आहे. हा अंदाजच आहे, चोरट्या व्यापाराची कुणी हिशोबाची वही ठेवत नाही, पण दिशा खरी आहे. एक कंटेनर पकडला तर सगळा माल एकदम जातो, तोच माल हजारो पाकिटांत हजारो नावांवर विभागला की प्रत्येक पाकिटाचं नुकसान किरकोळ. आणि ती हजारो नावं आपल्या घरातल्या पोरांची आहेत. तरी माझं कस्टम्सकडेही एक मागणं आहे की नोटीस साध्या भाषेत द्या, तुमचे पर्याय काय, मुदत किती, संमती दिली तर पुढे काय, नाही दिली तर काय, हे एका पानावर कळेल असं लिहा. घाबरलेला माणूस खोटं लिहितो किंवा गप्प बसतो आणि दोन्हीत त्याचंच नुकसान होतं.

आणखी एक, हे विशेषतः परदेशात जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी. "एवढं एक घड्याळ घेऊन जा, तिथे माझा माणूस येईल" असं कुणी म्हणालं तर कितीही ओळखीचा असला तरी नाही म्हणा. खरं असेल तर ड्यूटीचा प्रश्न येतो आणि ते तुमचं नाही हे तुम्हाला सांगावं लागेल, खोटं असेल तर जप्तीचा, आणि दोन्ही वेळी विचारणा तुम्हालाच होणार. अगदी खऱ्या महागड्या घड्याळालाही मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर तो सायटिस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतो, अंगावर घातलेल्याला बऱ्याच ठिकाणी सवलत असते पण तेच पार्सलने पाठवलं तर परवाना लागू शकतो, हे घड्याळाची हौस असलेल्यांनाही माहीत नसतं. स्वतःचं खरं घड्याळ दुरुस्तीला परदेशी पाठवत असाल तर जाताना कस्टम्सचा कागद करून ठेवा, नाहीतर परत येताना ते नवीन आयात धरलं जाऊ शकतं.

संपादकसाहेब, मोठ्या कंपन्यांची बाजू घ्यायला मी लिहीत नाही, त्यांच्याकडे वकील आहेत. माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर शोरूमच्या किमतीचा आकडा मोठ्या अक्षरात छापण्याऐवजी माल किती पार्सलांत आला होता, ती कुणाच्या नावावर होती, म्हणजे व्यापारी होते की साधी माणसं, पाठवणारा कुणी सापडला का, आणि ज्यांच्या नावावर होती त्यांचं पुढे काय झालं, एवढं विचारून छापा. माझा भाचा ते वाचेल आणि त्याचे ते दोन मित्रही, ज्यांच्यापैकी एकाचा पत्ता विकणारा अजून मागतोच आहे.

आपला नियमित वाचक,
एक घड्याळ दुरुस्ती कारागीर